इन्सुलिनची मात्रा : पिचकारीपासून पेनापर्यंत

औषध आणि विष यांच्यामध्यें पुष्कळदां केवळ मात्रेचें अंतर असतें, ही गोष्ट आपल्या जुन्या वैद्यांना चांगली ठाऊक होती. बचनाग, सोमल, पारा यांसारखीं द्रव्यें ते औषधांत घालीत. पण तीं घालतांना त्यांचा हात फार जपून चाले. गुंजेचें माप होतें, तांदुळाच्या दाण्याचें माप होतें, आणि सोनाराच्या कांट्याशीं बरोबरी करील असा लहानसा कांटा वैद्याच्या पेटींत असे. मात्र तेथें मोजणारा वैद्य असे आणि घेणारा रोगी. विसाव्या शतकांत असें एक औषध निघालें कीं, जें रोग्यानें स्वतःच्या हातानें मोजावें, स्वतःच्याच हातानें टोंचून घ्यावें, दिवसांतून कित्येकदां घ्यावें आणि जन्मभर घ्यावें. शिवाय त्याचें माप रोज एकच नसतें. जेवणांत दोन घांस अधिक गेले किंवा दोन मैल अधिक चालणें झालें, कीं तें बदलतें. तें सतत कमी पडलें, तर रक्तांतील साखर चढून शरीर आंतून झिजतें. जास्त झालें, तर घटकाभरांत घाम, कंप, भ्रम आणि शेवटीं बेशुद्धि येते. हें औषध म्हणजे इन्सुलिन. त्याच्या शोधाची कथा बहुतेकांनीं ऐकलेली असते. त्याच्या मापाची कथा तितकी परिचित नाहीं. आणि ज्यांना तें रोज घ्यावें लागतें, त्यांच्या दृष्टीनें हीच कथा अधिक जवळची आहे.

मधुमेह हा रोग नवा नव्हे. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत त्याचें वर्णन आढळतें. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, ही खूणही आपल्या वैद्यांनीं टिपून ठेवली होती. १७७६ सालीं मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज डॉक्टरानें मूत्रांतील ही गोडी साखरेचीच असल्याचें दाखविलें. १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, आणि त्याला मधुमेह जडला. रोगाचें मूळ कोठें आहे तें अशा रीतीनें कळलें. पण उपाय मिळण्यास आणखी तेहतीस वर्षें लागलीं. तोंवर फ्रेडरिक ॲलन या अमेरिकन डॉक्टराची उपासाची पद्धति हाच काय तो आधार होता. रोग्यास इतकें थोडें अन्न द्यावयाचें, कीं साखर वाढूं नये. मग तो भुकेनें खंगला तरी चालेल. पुष्कळ मुलें अशीं कांहीं महिने जगत, आणि मग जात.

१९२१ च्या उन्हाळ्यांत टोरांटो विद्यापीठांत, प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेंत, फ्रेडरिक बॅंटिंग हा तरुण शस्त्रवैद्य आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी असे दोघे कामाला लागले. कुत्र्याच्या स्वादुपिंडाचा अर्क काढून त्यांनीं दुसऱ्या मधुमेही कुत्र्यास दिला, तेव्हां त्याची साखर उतरली. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास हा अर्क प्रथम टोंचण्यांत आला. त्या वेळीं मुलाचें वजन अवघें ६५ पौंडांच्या आसपास होतें. अर्क गढूळ होता आणि त्याची शक्ति कोणासच नक्की ठाऊक नव्हती. साखर थोडी उतरली. पण टोंचल्या जागीं गळूं झालें, आणि प्रयोग थांबवावा लागला. जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञानें पुढच्या बारा दिवसांत तो अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीस तोच मुलगा पुन्हा औषध घेऊं लागला, आणि या वेळीं गुण स्पष्ट दिसला. पण जग आनंदित होण्यापूर्वींच कॉलिपच्या हातून ती कृति निसटली. त्या वसंतांत पुन्हा तितका प्रभावी अर्क काढणें त्याला कांहीं काळ जमेना. एका बाटलींतील औषध जोरकस, तर दुसरींतील निःसत्त्व, अशी स्थिति होती. औषध सांपडलें होतें. त्याचें माप अजून सांपडलें नव्हतें.

तें माप दिलें सशांनीं. कॉलिप सशांवर अर्काची परीक्षा घेत असे. अर्क अधिक झाला कीं ससा प्रथम भुकेला, मग अस्वस्थ होई, आणि शेवटीं त्याला झटके येत. त्याच क्षणीं थोडी साखर टोंचली, तर तो पाहतां पाहतां उठून बसे. म्हणजे इन्सुलिनचा गुण आणि त्याचा धोका हे दोन्ही एकाच पिंजऱ्यांत दिसले. उपाशी सशाची रक्तशर्करा झटके येण्याच्या पातळीपर्यंत उतरविण्यास जितका अर्क लागेल, त्यावरून इन्सुलिनचें 'युनिट' ठरविण्यांत आलें. आरंभींचें युनिट माणसांना फार मोठें पडूं लागलें, म्हणून पुढें त्याचा एक-तृतीयांश भाग हें नवें युनिट धरलें. राष्ट्रसंघाच्या आरोग्य समितीच्या विद्यमानें हेन्री डेल आदिकरून शास्त्रज्ञांनीं या प्रश्नांत लक्ष घातलें, आणि १९२५ सालीं कोरड्या इन्सुलिनचा एक आंतरराष्ट्रीय नमुना निश्चित झाला. त्याच्या एका मिलिग्रॅममध्यें ८ युनिटें होतीं. औषध जसजसें शुद्ध होत गेलें, तसतसें हें प्रमाण वाढत गेलें. आज शुद्ध मानवी इन्सुलिनचें एक युनिट म्हणजे ०.०३४७ मिलिग्रॅम, हें गणित ससा मध्यें न आणतां सांगतां येतें. परंतु जगांत कोठेंही कोणी दहा युनिटें टोंचून घेतों म्हणतो, तेव्हां त्या शब्दामागें टोरांटोचे ते ससेच उभे असतात.

या मापाचें मोल काय, हें दुसऱ्या महायुद्धांत शांघायमध्यें दिसून आलें. जपान्यांनीं शहर ताब्यांत घेतल्यावर इन्सुलिन दुर्मिळ झालें. तेथें आश्रयास आलेल्या इव्हा सॅक्सल या तरुणीस स्वतःला मधुमेह होता. तिनें आणि तिचा पति व्हिक्टर यानें एका वैद्यकीय ग्रंथाच्या आधारें म्हशींच्या स्वादुपिंडांतून इन्सुलिन काढावयास घेतलें. निघालेला द्रव तपकिरी रंगाचा होता. तो काढतां आला, तरी त्यांत किती शक्ति आहे हें कळल्यावांचून तो घेणें म्हणजे मृत्यूशीं जुगार होता. म्हणून येथेंही ससे आणावे लागले, आणि सशांवर माप झाल्यावर पहिली सुई इव्हानें स्वतःस टोंचली. पुढें हेंच औषध तेथील इतर रोग्यांच्याही उपयोगी पडलें.

टोरांटोनंतर कारखाने लवकरच उभे राहिले. अमेरिकेंत एली लिली कंपनीनें १९२३ मध्यें इन्सुलिन बाजारांत आणलें. त्याच वर्षीं डेन्मार्कमध्यें ऑगस्ट क्रोग आणि हागेडॉर्न यांनीं तें तयार करण्यास आरंभ केला. क्रोग यांची पत्नी मारी हिला स्वतःला मधुमेह होता. १९२५ सालीं पेडरसेन बंधूंनीं त्याच देशांत नोव्हो नांवाची कंपनी काढली, आणि इन्सुलिनबरोबर स्वतःच्या बनावटीची पिचकारीही विकावयास ठेवली. अमेरिकेंत बेक्टन डिकिन्सन कंपनीची खास इन्सुलिनसाठीं केलेली पिचकारी १९२४ मध्यें निघाली होती. औषध विकणाऱ्यास तें मोजण्याचें साधनही द्यावें लागतें, हें या व्यवसायाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच ध्यानांत आलें होतें.

कारण आतां माप डॉक्टरांच्या हातांतून रोग्याच्या हातांत जात होतें. दिवसांतून दोन-तीन वेळां घ्यावयाचें औषध इस्पितळांत बसून जन्मभर कोण घेणार? अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची कन्या एलिझाबेथ ह्यूज ऑगस्ट १९२२ मध्यें बॅंटिंगकडे आली, तेव्हां तिचें वजन ४५ पौंड होतें. ती स्वतः सुई टोंचून घेण्यास शिकली, आणि १९८१ पर्यंत जगली. लंडनचा रॉबिन लॉरेन्स हा डॉक्टर मधुमेहानें ग्रासून फ्लॉरेन्स येथें मरणाची वाट पाहत होता. १९२३ मध्यें लंडनहून इन्सुलिन आल्याची बातमी कळतांच तो परतला, बरा झाला, आणि पुढें त्यानें आपलें सारें आयुष्य रोग्यांना हें माप शिकविण्यांत घालविलें. १९३४ सालीं त्यानें आणि कादंबरीकार एच्. जी. वेल्स यांनीं मधुमेही लोकांची संस्था स्थापन केली. बोस्टनमध्यें इलियट जोसलिन यांचाही आग्रह हाच होता, कीं रोगी हा स्वतःचा डॉक्टर झाला पाहिजे.

हें शिक्षण सोपें नव्हतें. त्या काळच्या मधुमेही माणसाच्या घरांत सकाळ कशी उजाडे, हें आज कल्पनेनेंच जाणावें लागतें. कांचेची पिचकारी व सुई पातेल्यांत उकळावयाची. सुई बोथट झाली असेल तर दगडावर घांसून तिला धार लावावयाची. मूत्राचे थेंब बेनेडिक्टच्या निळ्या द्रवांत घालून तापवावयाचे, आणि रंग निळाच राहतो, हिरवा होतो, पिंवळा होतो कीं विटेसारखा तांबडा होतो, तें पाहावयाचें. त्या रंगावरून साखरेचा अंदाज करावयाचा; तोही कांहीं तासांपूर्वींच्या साखरेचा, कारण मूत्र हें जुनी बातमी सांगतें. मग कुपींतून औषध ओढावयाचें, हवेचा बुडबुडा टिचकी मारून वर आणावयाचा, आणि दट्ट्या अगदीं रेघेवर आणून थांबवावयाचा. हें सर्व करणारा कदाचित् साठ वर्षांचा मनुष्य असे, आणि याच रोगानें त्याची दृष्टि मंद झालेली असे.

त्यांतच रेघांचा घोटाळा होता. निरनिराळ्या तीव्रतेचें इन्सुलिन बाजारांत होतें : एका मिलिलिटरमध्यें कोठें २० युनिटें, कोठें ४०, कोठें ८०. इंग्लंडमधील प्रमाणित पिचकारीवर एका मिलिलिटरला २० खुणा होत्या. म्हणजे एक खूण ही कुपीप्रमाणें एक युनिट, दोन युनिटें किंवा चार युनिटें ठरे. डॉक्टर युनिटें सांगत, रोगी खुणा मोजी, आणि या दोन भाषांच्या मध्यें हिशेबाची चूक दबा धरून बसे. ४० ची कुपी संपून ८० ची आली आणि हात जुन्याच खुणेवर थांबला, तर मात्रा दुप्पट होई. हा धोका घालविण्यासाठीं एका मिलिलिटरमध्यें १०० युनिटें, अशी एकच तीव्रता ठेवण्याचें धोरण निघालें. अमेरिकेंत तें १९७३ पासून आणि ब्रिटनमध्यें १९८३ पासून अंमलांत आलें.

मध्यंतरीं औषधाच्या प्रकारांत मोठी प्रगति झाली. १९३६ मध्यें हागेडॉर्न यांनीं माशांतील प्रोटॅमीन या द्रव्याशीं संयोग करून सावकाश काम करणारें इन्सुलिन काढलें. पुढें १९४६ आणि १९५२ मध्यें आणखी सुधारलेले दीर्घकालीन प्रकार निघाले. दिवसांतून एकच सुई घेऊन भागतें, असें अनेकांना वाटूं लागलें, आणि बारीक मापाची निकड कांहीं काळ विसरली गेली. परंतु दहा-वीस वर्षें उलटल्यावर रोग्यांचे डोळे, मूत्रपिंडें आणि पाय बिघडूं लागले. साखर काटेकोरपणें आवरली तर हें टळेल काय, या प्रश्नावर डॉक्टरांत कित्येक वर्षें मतभेद राहिला.

त्याचें उत्तर दोन पायऱ्यांनीं आलें. पहिली पायरी म्हणजे घरच्या घरीं रक्त तपासण्याचें यंत्र. १९७८ मध्यें इंग्लंडमधील डॉक्टरांनीं प्रसिद्ध केलें, कीं रोगी स्वतः बोटांतून थेंबभर रक्त काढून आपली साखर त्या क्षणीं पाहूं शकतो, आणि तें काम नीटपणें करतो. दुसरी पायरी म्हणजे अमेरिका व कॅनडा येथें १९८३ ते १९९३ या काळांत १,४४१ रोग्यांवर झालेला मोठा अभ्यास. ज्यांनीं दिवसांतून तीन किंवा अधिक वेळां, अथवा पंपानें, मोजून इन्सुलिन घेतलें, त्यांच्यांतील ज्यांचे डोळे आरंभीं निर्दोष होते, त्यांस नेत्रविकार जडण्याचा संभव ७६ टक्क्यांनीं कमी झाला. पण त्याच अभ्यासानें दुसरी बाजूही दाखविली. काटेकोर उपचार घेणाऱ्यांत साखर धोकादायकपणें उतरण्याचे प्रसंग सुमारें तिप्पट घडले. म्हणजे साखर खालीं आणावी तर डोळे वांचतात, आणि फार खालीं गेली तर प्राणावर बेततें. या दोहोंमधील वाट अरुंद होती, आणि त्या वाटेनें चालावयाचें तर पाऊल लहान टाकणें अवश्य होतें. डोळ्यांना आतां दहा-वीस मिलिग्रॅमचा फरक दिसूं लागला होता. हाताला मात्र तितका बारीक फरक पिचकारीनें करतां येत नव्हता.

याच सुमारास पेन जन्मास आलें. स्कॉटलंडमधील डॉ. शीला रीथ यांच्या लहान मुलीस मधुमेह होता. प्रवासांत पिचकारी, कुप्या आणि स्पिरिट घेऊन फिरण्याचा त्रास त्या आई म्हणूनही सोशीत होत्या आणि डॉक्टर म्हणूनही जाणत होत्या. त्या, ग्लासगोचे डॉ. जॉन आयर्लंड आणि त्यांचे सहकारी यांनीं एक खिशांत मावणारी पिचकारी तयार करून १९८१ मध्यें 'लॅन्सेट' या नियतकालिकांत तिची माहिती दिली. ती भरून ठेवावी, टोपण लावावें, आणि वेळ येतांच कळ दाबून औषध घ्यावें, अशी तिची रचना होती. १९८५ मध्यें नोव्हो कंपनीनें आपलें पेन बाजारांत आणलें. शाईच्या पेनाप्रमाणें त्यांत औषधाची भरलेली कांचेची नळी बसवावयाची, पुढें बारीक सुई लावावयाची, आणि मागची कळ दाबावयाची. १९८८ मध्यें चकती फिरवून मात्रा निवडतां येईल असें पेन निघालें, आणि १९८९ मध्यें औषध संपल्यावर टाकून द्यावयाचें, आयतें भरलेलें पेन आलें.

या पेनाचें मर्म त्याच्या पोटांतील आट्यांत आहे. पिचकारींत दट्ट्या कोठें थांबवावा, हें डोळा आणि हात ठरवितात. पेनांत चकती एक घर फिरली कीं 'टक्' असा आवाज होतो, आणि त्या एका घराइतकाच दांडा आट्यांवरून पुढें सरकण्यास मोकळा होतो. ज्याला आंकडा दिसत नाहीं, तो आवाज मोजूं शकतो. मापाची जबाबदारी अशा रीतीनें डोळ्यांवरून निघून यंत्राच्या आट्यांवर गेली.

हें माप किती सूक्ष्म आहे, याची कल्पना पाण्याच्या थेंबावरून येईल. पाण्याचा साधा थेंब सुमारें ०.०५ मिलिलिटर भरतो. मिलिलिटरला १०० युनिटें असलेल्या इन्सुलिनचें एक युनिट म्हणजे ०.०१ मिलिलिटर, अर्थात् एका थेंबाचा पांचवा हिस्सा. आणि अर्धें युनिट म्हणजे थेंबाचा दहावा हिस्सा. तीस युनिटें ओढतांना रेघेवर केसभर इकडेतिकडे झालें, तर बिघडत नाहीं; एक युनिट ओढतांना तीच केसभर चूक मात्रेचा मोठा भाग होऊन बसते. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनीं १९९९ मध्यें मधुमेही मुलांच्या बाबतींत हें तपासून दाखविलें. पांच युनिटांहून लहान मात्रेंत पेन हें पिचकारीपेक्षां अधिक अचूक ठरलें. मोठ्या मात्रेंत दोहोंमध्यें विशेष भेद आढळला नाहीं.

अर्ध्या युनिटाचीं पेनें प्रथम मुलांसाठींच निघालीं. ज्या बालकाचें वजन दहा-बारा किलो, त्याला एक युनिटही फार होऊं शकतें. परंतु लवकरच असें दिसून आलें, कीं लहान माप हें लहान वयाचीच गरज नव्हे. प्रौढांपैकीं पुष्कळांना इन्सुलिन फार थोडें लागतें. कोणी बांध्यानें सडपातळ असतो, कोणी रोज धांवतो किंवा पोहतो. कोणाचा रोग तिशी-चाळिशीनंतर हळूहळू सुरू झालेला असतो, आणि त्याचें स्वादुपिंड अजून थोडें काम करीत असतें. कोणाचीं मूत्रपिंडें क्षीण झाल्यानें इन्सुलिन शरीरांत अधिक काळ रेंगाळतें.

डॉक्टरांचा एक ठोकताळा आहे : दिवसभरांत जितकीं युनिटें लागतात, त्या आंकड्यानें १८०० ला भागावें, जें उत्तर येईल, तितक्या मिलिग्रॅमनें एक युनिट साखर उतरवील असें स्थूलमानानें धरावें. ज्याला दिवसाला ६० युनिटें लागतात, त्याची साखर एका युनिटानें ३० नें उतरते. त्याला अर्ध्या युनिटाचें कौतुक वाटण्याचें कारण नाहीं. पण ज्या प्रौढ स्त्रीला दिवसाला १८ युनिटें पुरतात, तिची साखर एका युनिटानें १०० नें उतरेल. झोंपण्यापूर्वीं ती १७० आहे आणि १२० वर आणावयाची आहे, अशा वेळीं एक युनिट घेतलें तर ती ७० वर, म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर येईल. कांहींच न घेतलें तर रात्रभर चढलेली राहील. अर्धें युनिट हेंच तिचें योग्य माप. एकटीनें राहणाऱ्या वृद्धेच्या बाबतींत तर या अर्ध्या युनिटाचा अर्थ इतकाच असूं शकतो, कीं ती सकाळीं नेहमींप्रमाणें उठेल.

अर्थात् यंत्र अचूक असलें म्हणून वापरणाऱ्याचें काम संपत नाहीं. प्रत्येक वेळीं नवी सुई लावून प्रथम दोनएक युनिटें हवेंत सोडून पाहावयाचीं, म्हणजे नळींतील हवा निघून जाते आणि सुई मोकळी असल्याची खात्री पटते. कळ दाबल्यावर दहा आंकडे मोजीपर्यंत सुई कातडींतच ठेवावयाची, नाहीं तर शेवटचा थेंब बाहेर येतो; आणि जेथें सबंध मात्राच थेंबाचा दहावा भाग, तेथें तो थेंब म्हणजे सर्वस्व होय. काम झाल्यावर सुई काढून टाकावयाची. एकाच जागीं वारंवार टोंचलें तर तेथें कातडीखालीं चरबीच्या गांठी होतात, आणि त्यांतून औषध केव्हां व किती शोषलें जाईल याचा नेम राहत नाहीं. इतकें सांभाळल्यावर मग पेनाची अचूकता खऱ्या अर्थानें शरीरापर्यंत पोंचते.

एक चूक मात्र आट्यांनाही सुधारतां येत नव्हती, ती विसरण्याची. जेवणापूर्वीं औषध घेतलें कीं नाहीं, हा संशय आला असतां पुन्हा घ्यावें तर मात्रा दुप्पट, न घ्यावें तर कदाचित् मुळींच नाहीं. २००७ च्या सुमारास शेवटची मात्रा आणि वेळ लक्षांत ठेवणारें पेन निघालें. २०१६ मध्यें अमेरिकन सरकारच्या औषध-नियंत्रण खात्यानें 'इनपेन' या नांवाच्या अशा पेनास मान्यता दिली, कीं जें अर्ध्या युनिटानें मोजतें, घेतलेली मात्रा मोबाइल फोनला कळवितें, आणि आधींच्या मात्रेचें काम शरीरांत किती शिल्लक आहे याचा हिशेबही मांडून देतें. लॉरेन्सच्या काळीं रोग्याच्या वहींत जी टिपणें असत, तीं आतां पेनच ठेवूं लागलें.

आपल्या देशांत या इतिहासाचे जुने आणि नवे असे दोन्ही अध्याय एकाच वेळीं चालू आहेत. मुंबईंत १९५५ मध्यें डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था निघाली, आणि रोग्यास शिकविण्याचें काम येथेंही सुरू झालें. २००३ मध्यें मुंबईच्या वोकहार्ट कंपनीनें मानवी इन्सुलिन स्वदेशांत तयार करून विक्रीस आणलें. परंतु ब्रिटननें १९८३ मध्यें जी दुहेरी भाषा संपविली, ती येथें अद्याप टिकून आहे. कुपींतील इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटांचें असतें, तर पेनाच्या नळींतील १०० युनिटांचें. ४० ची पिचकारी लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी टोपणाची, हा भेद घरांतील प्रत्येकास ठाऊक असणें जरूर आहे. पेन बिघडलें म्हणून त्याच्या नळींतील औषध लाल टोपणाच्या पिचकारींत ओढलें आणि दहाच्या रेघेवर थांबलें, तर दहा युनिटें न जातां पंचवीस जातात. गांवांतील एखाद्या दुकानांत सहज घडण्यासारखी ही चूक आहे, आणि तिची शिक्षा त्याच रात्रीं मिळते.

दुसरा प्रश्न पेन मिळण्याचा. चांगलें माप एकदां निघालें म्हणजे तें सर्वांचें झालें, असें होत नाहीं. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी दवाखान्यांत कित्येक वर्षें पेनें दिलीं जात होतीं. २०२४ मध्यें पुरवठ्याचा करार संपला, उत्पादकानें मानवी इन्सुलिनच्या पेनांसाठीं पुन्हा बोली लावली नाहीं, आणि असंख्य रोग्यांस पुन्हा कुपी आणि पिचकारी हातीं घेण्यास सांगण्यांत आलें. ज्यांची दृष्टि अधू, ज्यांचा हात कांपरा, त्यांना चाळीस वर्षें मागें जाण्यास सांगण्यासारखेंच हें होतें. बॅंटिंगच्या सहकाऱ्यांनीं इन्सुलिनचे हक्क १९२३ मध्यें टोरांटो विद्यापीठास एकेका डॉलरला देऊन टाकले होते. औषध कोणा एकाची मिरास होऊं नये, हा त्यांतला हेतु होता. मोजण्याच्या साधनाच्या बाबतींत तशी कोणतीच व्यवस्था झाली नाहीं.

शंभर वर्षांत इन्सुलिनचें माप सशाच्या झटक्यापासून थेंबाच्या दहाव्या हिश्शापर्यंत आलें. या सबंध काळांत तें प्रयोगशाळेंतून इस्पितळांत, इस्पितळांतून स्वयंपाकघरांत आणि स्वयंपाकघरांतून खिशांत आलें. आज एखादा मनुष्य जेवणाच्या पंक्तींत बसतांना सदऱ्याच्या खिशांतून पेन काढतो, चकती दोन घरें फिरवितो, आणि शेजाऱ्याला कळण्यापूर्वीं तें परत ठेवून देतो. त्याच्या दोन 'टक्' आवाजांत एक युनिट असतें. कधीं एकच आवाज असतो, आणि त्या दिवशीं त्याला तेवढेंच हवें असतें.